दुपटीकडून दिडकीकडे

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला अक्षराचा आकार विचारला, तर तो '१२ पॉइंट' असे ठामपणे सांगे. शिशाच्या खिळ्याला अंगची उंची असते आणि ती पट्टीने मोजता येते. अक्षर संगणकाच्या पडद्यावर आले आणि ही पट्टी हरवली. तिथे अक्षर पिक्सेलचे, म्हणजे प्रकाशाच्या ठिपक्यांचे बनते. आणि ठिपका केवढा, हे ज्याच्या त्याच्या पडद्यावर अवलंबून. तरीही आज्ञावली लिहिणाऱ्यांनी लांबी मोजायला ठिपकाच वापरला. ही तडजोड पंचवीसेक वर्षे खपून गेली. मग पडदे एकाएकी बारीक विणीचे झाले आणि तिची वसुली सुरू झाली. लिनक्सच्या जगात ती कशी झाली, हा या लेखाचा विषय आहे. मला तो केवळ तांत्रिक वाटत नाही. पडद्यावरचे वाचता येणे किंवा न येणे ही साधी, रोजची गोष्ट त्यात पणाला लागली होती.

१९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर एका इंचात ७२ ठिपके होते. पॉइंटही इंचाचा बहात्तरावा भाग, त्यामुळे एक पॉइंट म्हणजे एक पिक्सेल असा सुटसुटीत हिशेब बसला. मायक्रोसॉफ्टने वेगळा विचार केला. पडदा कागदापेक्षा डोळ्यांपासून दूर असतो, म्हणून त्यावरचे अक्षर एक-तृतीयांशाने मोठे हवे. ७२ मध्ये त्याचा तिसरा हिस्सा मिळवला की ९६. विंडोजने इंचात ९६ ठिपके धरले. १२ पॉइंटचे अक्षर म्हणजे १६ पिक्सेल, हे समीकरण तिथून रूढ झाले.

लिनक्सवर बहुतेक काळ चित्र काढण्याचे काम 'एक्स' नावाच्या यंत्रणेने केले. बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये एमआयटीत तिची सुरुवात केली; तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची, आणि तिचाच वंश आजवर चालत आला. गंमत अशी, की एक्सजवळ प्रामाणिक मोजमापाची सोय पहिल्यापासून होती. पडदा किती ठिपक्यांचा हे जसे विचारता येई, तसेच तो किती मिलिमीटर रुंद आहे हेही विचारता येई. तिच्यासोबत मिळणाऱ्या फाँटचेही दोन संच असत, एक ७५ ठिपक्यांच्या पडद्यासाठी आणि एक १०० च्या. म्हणजे पडदे सारखे नसतात, याचे भान जन्मापासून होते.

मग बिघडले कुठे? उत्तर मिळे, पण ते भरवशाचे नसे. मॉनिटर संगणकाला आपली माहिती कळवतो, त्यात लांबी-रुंदीही असते. काही मॉनिटर तिथे खरे माप न देता नुसते प्रमाण भरत, १६ सेंटिमीटर आणि ९ सेंटिमीटर. म्हणजे भिंतीवरचा टीव्ही स्वतःला पोस्टकार्डाएवढा म्हणवून घेई. प्रोजेक्टरने तर काय सांगावे? त्याचे चित्र भिंत जितकी दूर तितके मोठे. अशा उत्तरांवर विसंबले, तर अक्षरे कधी राक्षसी तर कधी मुंगीएवढी दिसत. शेवटी एक्सनेही आणि तिच्यावर उभ्या डेस्कटॉपांनीही ९६ हाच आकडा गृहीत धरला. ते खोटे होते, पण सर्वांचे एकच खोटे असल्याने व्यवहार चालला. त्या निर्णयाला मी आळस म्हणणार नाही. वाचणाऱ्याला अक्षराचे मिलिमीटर नको असतात. त्याच्या अंतरावरून ते डोळ्यात किती भरते, हे त्याला महत्त्वाचे. वेबपानांच्या नियमांत पिक्सेलची व्याख्या अशीच आहे: हातभर अंतरावरून, म्हणजे २८ इंचांवरून, इंचात ९६ ठिपक्यांच्या पडद्यावरचा एक ठिपका डोळ्याशी जो कोन करील, तो.

हे खोटे उघडे पाडू शकेल असा पडदा २००१ मध्येच निघाला होता. आयबीएमचा टी-२२० हा २२ इंची मॉनिटर ३८४० बाय २४०० ठिपक्यांचा, म्हणजे इंचाला २०४. पण तो इतका महाग होता, की सामान्य घरात जाण्याचा प्रश्नच नव्हता. २०१० मध्ये आयफोन ४ आला, इंचाला ३२६ ठिपके. जून २०१२ मध्ये अॅपलने तीच घनता लॅपटॉपच्या अंतराला साजेशी करून आणली, इंचाला २२०. त्याच वर्षी लिनक्सचे जनक लायनस टॉरवल्ड्स यांनी जाहीरपणे म्हटले, की स्वस्त टॅब्लेटला २५६० बाय १६०० चा पडदा मिळत असेल, तर लॅपटॉपनेही तोच पायंडा पाडावा. इच्छा पुरी व्हायला फार काळ लागला नाही. २०१५ मध्ये १३.३ इंची लॅपटॉपवर ३२०० बाय १८०० ठिपके मिळू लागले होते. त्याचा हिशेब करून पाहू. इंचाला सुमारे २७६ ठिपके. ९६ गृहीत धरणारी आज्ञावली १२ पॉइंट समजून जे अक्षर काढील, ते प्रत्यक्षात जेमतेम सव्वाचार पॉइंटचे उमटेल. पंचांगातल्या तळटिपाही त्याहून मोठ्या असतात. आणि बारीक होते ते केवळ अक्षर नव्हे. बटणे, समास, खिडकी बंद करण्याची फुली, सारेच पिक्सेलमध्ये मोजलेले असल्याने माऊसने नेम धरणेही अवघड.

अॅपलच्या हाती यंत्र, प्रणाली आणि चित्र काढण्याची साधने, सारेच होते. लिनक्सला असा मालक नाही. कर्नल एकाचे, एक्स दुसऱ्यांचे, बटणे-मेनू पुरवणारी जीटीके आणि क्यूटी ही साधने तिसऱ्या-चौथ्यांची, आणि त्यांवर बेतलेल्या हजारो आज्ञावली आणखी कोणाच्या, कित्येकदा एखाद्याच माणसाच्या, नोकरी सांभाळून लिहिलेल्या. मोजमाप बदलायचे तर ते या साऱ्यांत बदलायला हवे, आणि कोणी कोणाला हुकूम देऊ शकत नाही.

पहिली मोठी उडी सप्टेंबर २०१३ ची. अलेक्झांडर लार्सन यांच्या कामातून जीटीके ३.१० आणि त्यावरचा नोम ३.१० यांत बारीक विणीच्या पडद्यांची सोय आली. कल्पना साधी होती. आज्ञावलीने पूर्वीसारखेच पिक्सेल मोजत राहावे. मात्र तो पिक्सेल आता मानीव समजावा. साधनाने गुपचूप प्रत्येक मानीव पिक्सेलच्या जागी दोन बाय दोन, म्हणजे चार खरे ठिपके भरावेत. जुनी आज्ञावली फारशी न बदलता नीट दिसते. एक्सची जागा घेऊ पाहणाऱ्या वेलँड यंत्रणेतही याच सुमारास प्रत्येक पडद्याला स्वतंत्र पट देण्याची तरतूद झाली. त्यामुळे लॅपटॉपचा बारीक पडदा आणि शेजारचा जुना मॉनिटर एकत्र नांदू शकले. ज्या आज्ञावलीला पट कळत नाही, तिचे चित्र वेलँड ताणून मोठे करते. ते अंधुक दिसते, पण वाचता तरी येते.

पट मात्र पूर्णांकातच: एक, दोन, तीन. माझ्या मते खरा अन्याय इथे झाला. महागड्या पडद्याला दुप्पट चपखल बसते. पण १४ इंची, १९२० बाय १०८० चा पडदा घ्या. सर्वसाधारण लॅपटॉपचा हा नेहमीचा पडदा; इंचाला १५७ ठिपके. एकपट ठेवले तर अक्षर बारीक, दुप्पट केले तर अर्धा पडदा दोन बटणांतच भरतो. त्याला हवी दिडकी. लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकलेल्या पिढीला हे सांगणे नको, की व्यवहारातले बहुतेक भाव पूर्णांकात नसतात. तोवर लोकांनी काय केले? नोममध्ये दृष्टी मंद असणाऱ्यांसाठी 'मोठा मजकूर' ही सोय आहे. ती अक्षरे सव्वापट करते. मीही बरीच वर्षे त्याच आडोशाला होतो. अक्षर वाढे, चित्रे मात्र होती तेवढीच राहत.

मार्च २०१९ च्या नोम ३.३२ मध्ये अपूर्णांक प्रायोगिक म्हणून आले, तेही आडवळणाने. चित्र आधी दुप्पट काढायचे आणि मग आकसून दीडपट करायचे. वरच्या पडद्यासाठी २५६० बाय १४४० चे चित्र काढून ते १९२० बाय १०८० मध्ये बसवायचे, म्हणजे पाऊणेदोनपट ठिपके रंगवून उरलेले विरघळवायचे. यात बॅटरी खर्च होते, आणि कडा बोथट होतात. रोमन अक्षरांना ते एकवेळ सोसते. देवनागरीला शिरोरेषा आहे, ओळभर धावणारी आडवी रेघ. आकसताना ती दोन ओळींच्या सांध्यावर पडली, की काळ्या रेघेऐवजी करडा पट्टा दिसतो, आणि वरची वेलांटी व अनुस्वार त्यात चिकटतात. मराठी मजकूर तासन्‌तास तपासणाऱ्याच्या डोळ्यांना हा फरक सांगावा लागत नाही.

सरळ वाट नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाली. वेलँडच्या नव्या संकेतानुसार आज्ञावलीला तिचा पट १२० छेदाच्या अपूर्णांकात कळवला जातो. सवायकी म्हणजे १५०, दिडकी १८०, पावणेदोनकी २१०. १२० ला दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ या सगळ्यांनी भाग जातो. पाढे करणाऱ्या पंतोजींनाही हा छेद आवडला असता. आता आकसणे नाही, अक्षर पहिल्यापासून नेमक्या ठिपक्यांवर काढायचे. केडीईच्या प्लाझ्मा ५.२७ ने फेब्रुवारी २०२३ मध्ये हा संकेत स्वीकारला; जीटीकेमध्ये तो मार्च २०२४ च्या ४.१४ या आवृत्तीत नव्या चित्रयंत्रासह नीट उतरला. पूर्णांकापासून इथवर दहा वर्षे आणि वर काही महिने लागले.

मागे राहिलेल्यांची कथा वेगळीच. कर्नलच्या काळ्या पडद्यावरचा मूळ फाँट आठ बाय सोळा ठिपक्यांचा. संगणक बिघडला की नेमके तेच वाचावे लागते. त्याच्या दुप्पट आकाराचा टर्मिनस फाँट कर्नलमध्ये ५.० या आवृत्तीत, २०१९ साली आला. आणि गिम्प! जीटीके या नावातला 'जी' मुळात गिम्पचा. हे चित्रे रंगवण्याचे साधन करताना त्याच्या बटणांसाठी जी सामग्री लिहिली, तीच पुढे साऱ्या नोमचा पाया झाली. पण लेक मोठी होऊन नांदायला गेली आणि माहेर जुन्याच वाड्यात राहिले. गिम्प अनेक वर्षे जीटीकेच्या दुसऱ्या आवृत्तीवर होते, आणि तिला पट म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते. २०१८ च्या २.१० मध्ये निदान चिन्हांचे आकार बदलता येऊ लागले. तिसऱ्या जीटीकेवरचे गिम्प ३.० मार्च २०२५ मध्ये बाहेर पडले, तेव्हा जीटीकेची चौथी आवृत्ती येऊन चार वर्षे उलटली होती.