नाव पुकारण्याची रीत

'ऑर्केस्ट्रा' हा शब्द मराठीत ज्या अर्थाने रूढ झाला, तो अर्थ इंग्रजी शब्दकोशात शोधून सापडणार नाही. मूळ शब्द वादकांच्या समूहाचा वाचक आहे. आपल्याकडे मात्र ऑर्केस्ट्रा 'ठेवतात', तो 'असतो' आणि तो 'बघायला' जातात. रिसोड, कारंजा, मंगरूळपीर किंवा खुद्द वाशीम येथील कुणाही पन्नाशीच्या माणसाला विचारावे. त्याच्या डोळ्यांपुढे व्हायोलिनच्या रांगा येत नाहीत. गणेशोत्सवातला मांडव, झगमगता कोट घातलेला गायक, हुबेहूब आवाज काढणारी गायिका आणि मध्यरात्रीपर्यंत न हललेली गर्दी येते. समूहाचे नाव प्रसंगाला चिकटले. अर्थाच्या या सरकण्यामागे चित्रपटसंगीत वाजवणाऱ्या माणसांचा इतिहास दडलेला आहे, आणि तो मुंबईइतकाच वाशीमसारख्या गावांतही घडला आहे, असे आम्हांस वाटते.

मूकपटांच्या काळात वादक प्रेक्षकांना दिसत असे. तबला-पेटीवाले पडद्यापुढे बसून चित्राला साथ करीत. १९३१ साली 'आलम आरा' आला, पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि संगीत फितीवर मुद्रित झाले. वादक पडद्यापुढून उठला व पडद्यामागे गेला. 'पार्श्वसंगीत' हा आपला शब्द या स्थलांतराची नेमकी नोंद ठेवतो. हे संगीत इतक्या लवकर अंगवळणी पडले की १९३७ सालच्या 'कुंकू'मध्ये शांतारामबापू व केशवराव भोळे यांनी पार्श्वसंगीत गाळून केवळ भोवतालच्या आवाजांवर प्रसंग उभे केले, तेव्हा तो धाडसी प्रयोग ठरला.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतले वाद्यवृंद वाढत गेले. नौशाद यांनी 'आन'साठी (१९५२) सुमारे शंभर वादक एकत्र आणल्याचे सांगितले जाते. एवढ्या वादकांना एका वेळी एकच गोष्ट वाजवायला लावायची, तर ती कागदावर लिहिलेली हवी. आपल्या घराण्यांतील विद्या कानावाटे चालत आलेली. लिखित स्वरलिपी वाचणारा वादक आला तो प्रामुख्याने गोव्यातून. तेथील चर्चशी जोडलेल्या शाळांमधून मुले लहानपणीच स्वरलेखन व व्हायोलिन शिकत. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'तील (१९५१) पाश्चात्त्य ठेका चिक चॉकलेट या गोमंतकीय वादकाच्या साथीने उभा राहिला. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतले व्हायोलिनचे भरगच्च ताफे सेबॅस्टियन डिसोझा यांनी लिहून काढले. श्रेयनामावलीत सेबॅस्टियन यांचे नाव दत्ताराम यांच्यासोबत 'सहाय्यक' म्हणून येते. बाकीच्या वादकांची नावे बहुधा कुठेच येत नाहीत.

नावाचा हा झगडा गायकांनाही चुकला नव्हता. 'महल'मधील (१९४९) गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे पडद्यावरील पात्राचेच नाव छापले होते. फिल्मफेअर पुरस्कारांत गायनाचा विभागच नाही, म्हणून लता मंगेशकरांनी त्या सोहळ्यात गाण्यास नकार दिला, आणि १९५९ पासून तो विभाग सुरू झाला. गायकाने नाव मिळवले. वादक पार्श्वभागीच राहिला.

याच दशकात शासनानेही एक वाद्यवृंद घडवला. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ अभिजात संगीताचे कडवे पुरस्कर्ते होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मुकाट्याने काटा रेडिओ सिलोनकडे वळवला आणि १९५२ सालीच सुरू झालेल्या बिनाका गीतमालेला डोक्यावर घेतले. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. पण त्याच १९५२ मध्ये दिल्लीत आकाशवाणीचा 'वाद्यवृंद' स्थापन झाला होता आणि रविशंकर यांनी त्यासाठी रचना केल्या होत्या. संस्कृतप्रचुर 'वाद्यवृंद' राजमान्य झाला आणि चित्रपटाचा ऑर्केस्ट्रा बाजारात राहिला. शब्दांची ही वाटणी आजही आपल्या बोलण्यात शिल्लक आहे.

या दोहोंच्या मध्ये उभे राहण्याचा प्रयत्न एका माणसाने केला. अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातील माजोर्डे गावचे व्हायोलिनवादक १९४३ च्या सुमारास मुंबईत आले व नौशाद यांच्या संचात वाजवू लागले. प्यारेलाल शर्मा त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. रागाची सुरावट न मोडता तिच्याभोवती पाश्चात्त्य पद्धतीची स्वरसंगती कशी गुंफावी, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभारला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात आपल्या रागाधारित रचनांची मैफल केली. लता मंगेशकर व मन्ना डे एकल गायक म्हणून सहभागी झाले. एरवी काचेआड बसून मुद्रण करणारे वादक त्या दिवशी उघड्या मंचावर, श्रोत्यांसमोर बसले. तेथे पडदा नव्हता, नायक-नायिका नव्हत्या. ऐकायचे होते ते वादकांनाच.

हा प्रयोग टिकला नाही. शासनाचा आश्रय वाद्यवृंदाला होता आणि निर्मात्याचा पैसा गाण्याला होता. या दोहोंत न बसणाऱ्या संगीताला कायमचा धनी मिळाला नाही. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले, पुढे माजोर्ड्याला परतले आणि प्रसिद्धीपासून दूर राहिले. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये त्यांचे नाव देशभर दुमदुमले ते लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या एका विनोदी गाण्याच्या रूपाने. हे नाव खऱ्या माणसाचे आहे, याची कल्पना गाण्यावर नाचणाऱ्या बहुतेकांना नव्हती. २०१२ साली ते वारले.

मुंबईत जे रुजले नाही, ते वेगळ्या, काहीशा ओबडधोबड रूपात महाराष्ट्रभर पसरले. 'मेलडी मेकर्स', प्रमिला दातार यांचे 'सुनहरी यादें' अशा संचांनी ऑर्केस्ट्रा हा स्वतंत्र व्यवसाय केला. त्यांचे अनुकरण करणारे लहान संच जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले. वाशीम १ जुलै १९९८ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याआधी ही गावे अकोला जिल्ह्यात होती. या पट्ट्यात अकोला, अमरावती, नागपूरचे संच येत. त्यांच्यापुढील कामाची अवघडता आपण कधी नीट लक्षात घेतली नाही. चाळीस व्हायोलिने, सतारी, बासऱ्या, ट्रंपेट असा जो नाद शंभर माणसांनी निर्माण केला, तो दहा माणसांनी मांडवात उभा करायचा. हाती लिखित स्वरलिपी नाही. तबकडी किंवा कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकून कोणता स्वर कोणत्या वाद्याचा हे ओळखायचे, आणि व्हायोलिनचा ताफा अ‍ॅकॉर्डियनवर, पुढे की-बोर्डवर उतरवायचा. हे नुसते अनुकरण म्हणून सोडून देता येत नाही. दुसऱ्याची रचना कानाने उकलून आपल्या साधनांत पुन्हा बांधणे, हे संगीत-संयोजनाचेच काम आहे. सेबॅस्टियन यांनी ते कागदावर केले, या वादकांनी स्मरणावर केले.

आणि या मंचाने एक गोष्ट अशी केली, जी चित्रपटसृष्टीने केली नव्हती. मध्यंतराच्या आगेमागे निवेदक एकेका वादकाचे नाव पुकारी: ढोलकीवर अमुक, की-बोर्डवर तमुक, ऑक्टोपॅडवर आपल्याच गावचा अमका. नाव घेताच तो वादक चार-आठ मात्रांचा तुकडा वाजवी आणि मांडव टाळ्यांनी भरून जाई. नकला करणाऱ्या गायकांबद्दल आमच्यासारखे अध्यापक नाके मुरडीत आले आहेत. पण वादकाला नाव आणि चेहरा देण्याचा हा छोटा विधी तालुक्याच्या मांडवात पाळला जात होता, हे मान्य केले पाहिजे.

पुढचे सर्वांना माहीत आहे. एक की-बोर्ड चाळीस व्हायोलिनांची जागा घेऊ शकतो, हे तालुक्याच्या मंचाला नाइलाजाने आधी कळले. १९९० च्या दशकात मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांनी तेच हौसेने स्वीकारले. मोठे ताफे बसून राहिले. त्यांच्या स्वरलिपीचे कागद फारसे जपले गेले नाहीत. आता फेरा उलटा फिरतो आहे. पडद्यावरचे संगीत मंचावर आणून ऐकण्याची प्रथा जगभर वाढली आहे. जपानमध्ये १९८७ सालीच व्हिडिओ गेमच्या संगीताची वाद्यवृंद-मैफल झाली. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथे २००९ साली 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग पडद्यावर चालू असताना त्याचे संगीत समोर वाजवले गेले. प्यारेलाल यांना २०२४ साली पद्मभूषण मिळाले. पण असे कार्यक्रम आपल्या जुन्या चित्रपटांचे करायचे तर संहिता हव्यात, आणि बहुतेक गाण्यांच्या बाबतीत तबकडी ऐकून त्या नव्याने लिहाव्या लागतील. म्हणजे तालुक्याच्या ऑर्केस्ट्रातील वादक जे करीत आला तेच.

तो वादक मात्र आता मंचावरून उतरू लागला आहे. आमच्या भागातही गाण्यांचे कार्यक्रम होतात, गाणारे पूर्वीपेक्षा अधिक आहेत. पण साथीला कराओकेचा ट्रॅक असतो. मूळ ध्वनिमुद्रणाची नक्कल करणारा तो ट्रॅकही कुणीतरी कुठेतरी वाजवलेला असतो. त्याचे नाव निवेदकाला ठाऊक नसते, म्हणून ते पुकारले जात नाही. पाऊणशे वर्षांच्या प्रवासानंतर संगीत पुन्हा पडद्यामागे गेले आहे, पडदा तेवढा दिसत नाही.

विदर्भातील या गावांत ऑर्केस्ट्रातून वाजवलेली माणसे अजून आहेत. कुणी दुकान चालवतो, कुणी शिकवण्या घेतो, कुणी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट धरतो. कोणत्या गाण्यातला कोणता तुकडा कोणत्या वाद्याचा, हे त्यांच्या बोटांना आठवते. महाविद्यालयांतील मराठीचे विद्यार्थी लोकगीते व ओव्या गोळा करतात, तसे या माणसांकडे वही घेऊन जायला हरकत नाही. पहिल्या पानावर त्यांची नावे लिहावीत. बाकीचे मागाहून येईल.