अद्भुताचा वीट



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां पोरखेळाचा वाटेल. संगणकावरील अद्भुत साहसांचे जे खेळ हल्लीं तरुणांस प्रिय आहेत, त्यांत खेळणारा एका वीराची भूमिका घेतो आणि आखून दिलेल्या वाटेनें न जातां एका कल्पित, विस्तीर्ण प्रदेशांत मनास येईल तिकडे संचार करितो. डोंगर, भुयारें, राक्षस, मंत्रतंत्र, सर्व कांहीं तेथें असतें. तरीही कांहीं दिवसांनीं त्यास या अद्भुताचा वीट येऊं लागतो. हा वीट नवा नाहीं. मराठी कादंबरीच्या बाळपणींच आपल्या वाचकांनीं तो अनुभविला आहे.

१८६१ सालीं लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' प्रसिद्ध झाली आणि तिच्या मागोमाग तशाच कथांची रांग लागली. १८६८ सालीं नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. रिसबुडांनीं प्रस्तावनेंत मोठ्या मोकळेपणानें सांगितलें आहे कीं, आपल्या लोकांच्या नित्याच्या आयुष्यांत मन वेधून घेणारें असें फारसें कांहीं घडत नाहीं. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहावयाचा तर अद्भुताचाच आश्रय करणें भाग पडतें. या कथांचा सांचा ठरून गेला. सुंदर नायिका, शूर नायक, दोघांची ताटातूट, घोर अरण्य, दुष्टाचें कपट, योगायोगानें सुटका आणि शेवटीं मीलन. पहिलें पुस्तक वाचतांना वाचक श्वास रोखून बसला असेल. दहाव्या पुस्तकांत नायिका अरण्यांत हरवली कीं तो निश्चिंतपणें पान उलटीत असेल, कारण ती सांपडणार हें त्यास ठाऊक! १८७२ सालीं काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं 'नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध' लिहून या लेखनाची झडती घेतली.

पुढें हरि नारायण आपटे आले. १८८५ सालीं 'मधली स्थिति' आणि १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून 'पण लक्षांत कोण घेतो!' वाचकांपुढें येऊं लागली. रिसबुडांना जें आयुष्य नीरस वाटलें होतें, त्यांतीलच एक मध्यमवर्गीय घर घेऊन आपट्यांनीं लोकांस खिळवून ठेविलें. तेथें ना राक्षस, ना गुप्त भुयार. पण विधवा यमूचें बळजबरीनें वपन होतें, आणि तें एकदां झालें म्हणजे झालें. पुढील कोणतेंही प्रकरण तें पुसून टाकूं शकत नाहीं.

संगणकावरील खेळांनीं हाच प्रवास फार थोड्या वर्षांत केला. १९९६ सालीं अमेरिकेंत बेथेस्डा या कंपनीनें 'डॅगरफॉल' नांवाचा खेळ काढला. त्यांत गांवें, शहरें व भुयारें मिळून पंधरा हजारांहून अधिक ठिकाणें होतीं. इतकीं हातानें कोण रचणार? बहुतेक यंत्राकडूनच रचून घेतलीं होतीं. साहजिकच दहा भुयारें पाहिलेल्यास अकराव्यांत नवल उरेना. २००२ सालच्या 'मॉरोविंड'मध्यें त्याच कंपनीनें प्रदेश पुष्कळच लहान केला, पण तो माणसांनीं बारकाईनें घडविला. पुढें २०११ सालच्या 'स्कायरिम'मध्यें यंत्राचा मोह पुन्हां डोकावला. ठरलेल्या नमुन्यांत ठिकाण आणि माणूस बदलून तो खेळ आपण होऊन कामें निर्माण करितो. या कामांस अंत नाहीं.

केवळ पुनरावृत्तीनें वीट येतो, हें मात्र मला मान्य नाहीं. आमच्या भिवंडींत यंत्रमागाचा खडखडाट ऐकत पिढ्या वाढल्या. धोटा तोच आणि त्याची येरझारही तीच. पण प्रत्येक येरझारीगणिक कापड तसूभर का होईना वाढतें, व अखेर तागा उतरतो. (मागावर उभ्या राहणाऱ्यास त्याचा कंटाळा येत नाहीं असें मी म्हणणार नाहीं, तो बिचारा बारा बारा तास उभा असतो.) खेळांतील धोटा फिरतो, पण तागा वाढत नाहीं, अशी ही तक्रार आहे.

धामणकर नाक्याजवळ राहणाऱ्या एका महाविद्यालयीन मुलास मी याविषयीं विचारलें. सबंध सुटी त्यानें 'स्कायरिम'मध्यें घालविली होती. तो म्हणाला, "गुरुजी, जग बुडविणारा ड्रॅगन मी मारला, तरी दुसऱ्या दिवशीं वेशीवरचा पहारेकरी मला तेंच जुनें वाक्य ऐकवितो. मग मी केलें तरी काय?" त्याच्या स्वरांत थट्टा नव्हती. सुटीचे दिवस गेले याचें त्यास वाईट वाटत नव्हतें. ज्यांच्यासाठीं तो लढला त्यांच्या तें गांवींही नव्हतें, हें त्यास लागलें होतें.

तरी त्यानें खेळ काढून टाकिलेला नाहीं. परीक्षा आटोपली कीं नवा वीर घेऊन आरंभापासून खेळणार, असें तो म्हणतो. नकाशावर बोट ठेवून क्षणांत दूरच्या गांवीं पोंचण्याची जी सोय खेळांत आहे, ती मात्र या खेपेस वापरावयाची नाहीं. सगळीकडे पायींच जावयाचें, असा त्याचा बेत आहे.