‘पाठवा’ बटणाच्या अलीकडे आणि पलीकडे

२२ फेब्रुवारी २०००, दुपारी २ वाजून २२ मिनिटं. दक्षिण कोरियातली ‘ओहमायन्यूज’ ही बातम्यांची वेबसाइट बरोबर या मुहूर्तावर सुरू झाली. एवढे दोन जमवणारा माणूस होता ओह योन-हो. ‘माल’ नावाच्या डाव्या वळणाच्या मासिकात त्याने बरीच वर्षं पत्रकारिता केली होती. मोठ्या वर्तमानपत्रांचे वार्ताहर दार उघडून आत जातात आणि आपल्याला बाहेर थांबवतात, याचा त्याला कंटाळा आला होता. ‘प्रत्येक नागरिक वार्ताहर आहे’ हे त्याचं घोषवाक्य. पहिल्या दिवशी पगारी माणसं चार आणि नागरिक-वार्ताहर ७२७.

या वेबसाइटची गोष्ट बहुतेक वेळा राजकारणाच्या अंगाने सांगितली जाते. २००२ ची निवडणूक जिंकल्यावर राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्यून यांनी देशातली पहिली मुलाखत मोठ्या दैनिकांना सोडून यांना दिली, वगैरे. ते खरंच आहे. पण मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे माझी नजर जाते ती बातमी पाठवल्यानंतर काय व्हायचं तिकडे.

तुम्ही बातमी लिहून पाठवली की ती आधी ‘सेंगनामू’ व्हायची, म्हणजे ओलं लाकूड. संपादकाने वाचून, तपासून स्वीकारली की ती ‘इंगल’ व्हायची, म्हणजे धगधगता निखारा. पुढे चढत चढत पहिल्या पानाच्या डोक्यावर पोचली तर लेखकाला २०,००० वॉन मिळायचे. त्यात फार तर दोघांचं साधं जेवण झालं असतं. पैशापेक्षा ती उतरंड महत्त्वाची होती. लिहिणाऱ्याला आपली बातमी आत्ता कुठे आहे हे दिसायचं. नाकारलेली बातमीही गायब होत नसे, ओल्या लाकडांच्या ढिगात ती वाचायला मिळायची. आणि लिहायचं तर खऱ्या नावाने नोंदणी करावी लागे. आजच्या भाषेत सांगायचं तर साइन-अप किचकट होतं, पण पाठवल्यानंतरचा प्रवास स्वच्छ होता. आपण आज नेमकं उलटं करतो. दार सताड उघडं ठेवतो आणि आत गेलेल्या माणसाला अंधारात बसवतो.

याच कल्पनेवर अमेरिकेत बरेच पैसे लागले. २००५ मध्ये ‘बॅकफेन्स’ नावाची वेबसाइट व्हर्जिनियातल्या मॅक्लीन आणि रेस्टन या गावांसाठी सुरू झाली. बातम्या गावकऱ्यांनीच लिहायच्या. गावं वाढली, पण २००७ मध्ये दुकान बंद. पंगतीत पहिला घास कोण घेणार, ही तिची अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. रिकाम्या पानावर ‘तुमच्या गावात काय चाललंय?’ असं विचारलं की माणूस इकडेतिकडे बघतो, कोणीच काही लिहिलेलं नाही हे पाहतो आणि टॅब बंद करतो.

एड्रियन होलोवटी या प्रोग्रामर-पत्रकाराने हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला. २००५ मध्ये त्याने शिकागो पोलिसांच्या नोंदी नकाशावर मांडणारी साइट केली होती. मग नाइट फाउंडेशनचं ११ लाख डॉलरचं अनुदान मिळालं आणि जानेवारी २००८ मध्ये ‘एव्हरीब्लॉक’ आली. ती पहिल्याच पानावर एकच प्रश्न विचारायची: पत्ता काय? पत्ता टाकला की तुमच्या चार गल्ल्यांतले गुन्हे, बांधकाम परवाने, हॉटेलांच्या स्वच्छता-तपासण्या, सगळं समोर. कोणी काही लिहिलं नसलं तरी पान भरलेलं. शेजारपाजारचे लोक आधी वाचायला आले, मग बोलायला लागले. २०११ मध्ये साइटची नवी मांडणी झाली तेव्हा शेजाऱ्यांच्या गप्पाच पुढे आणल्या. पण तोवर मालकी बदलली होती, आणि ७ फेब्रुवारी २०१३ ला लोकांनी साइट उघडली तर निरोपाचं पान. आधी सूचना नाही, काही नाही. हरवलेली मांजरं आणि तुंबलेली गटारं यांचा पाच वर्षांचा इतिहास एका कंपनीच्या ताळेबंदात बसला नाही. पुढच्या वर्षी शिकागोपुरती ती परत उघडली, हेही नोंदवायला हवं.

आपल्याकडे या काळात काय होतं? मराठीत प्रश्न त्याही आधीचा होता: लिहायचं कसं? देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइट कितीतरी वर्षं आपापला फॉन्ट घेऊन चालत होत्या. फॉन्ट उतरवून घेतला तर वाचता येई, नाहीतर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा पाचोळा. वाचकाला उलट काही लिहायचं असेल तर रोमनमध्ये ‘amhi’, ‘tumhi’ या थाटाचं... नको, ते देवनागरीतच म्हणू: ‘आम्ही’ लिहायला इंग्रजी स्पेलिंग शोधावं लागे. पुढे बराहा, गमभन अशी साधनं आली आणि लोक भराभरा लिहू लागले. तरी ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होणं बरीच वर्षं चाललंच. म्हणजे बातमी देण्याचा हक्क आधी कीबोर्डने गाळला होता, संपादकाची पाळी नंतर यायची.

ज्यांच्याकडे कीबोर्डच नाही, त्यांचं काय?

छत्तीसगडमध्ये फेब्रुवारी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू झालं. शुभ्रांशु चौधरी पूर्वी बीबीसीत होते. मध्य भारतातल्या आदिवासी भागात फिरताना त्यांना दिसलं की तिथल्या माणसांच्या तक्रारी बातमीपर्यंत पोचतच नाहीत, कारण वार्ताहराला त्यांची भाषा येत नाही आणि त्यांना वार्ताहराची. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आहेत. ते गडचिरोली-चंद्रपूरपासून तेलंगणापर्यंत पसरलेत, एकीकडे मराठी शिकतात तर दुसरीकडे तेलुगू, आणि लिहायची वेळ आली तर लिपीही वेगवेगळी. रेडिओ हा सरळ उपाय होता. पण आपल्या देशात रेडिओवर स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा फक्त आकाशवाणीला आहे. सामुदायिक रेडिओलाही नाही.

मग फोन. एका नंबरवर फोन लावायचा, बातमी सांगायची असेल तर एक दाबा, ऐकायची असेल तर दोन दाबा. संपला मेन्यू. बँकेच्या कस्टमर केअरला ‘मुख्य मेन्यूकडे परत जाण्यासाठी नऊ दाबा’पर्यंत थांबलेल्या कुणालाही या दोन आकड्यांची किंमत कळेल. पुढे तर मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून फोन परत येई. बॅलन्स संपलेला माणूसही वार्ताहर झाला. या यंत्रणेच्या मागे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांची मदत होती, पण खरी करामत पलीकडच्या टोकाला होती. तिथे मॉडरेटर बसत. ते रेकॉर्डिंग ऐकत, फोन करून खातरजमा करत, आवाज साफ करत आणि मगच ते इतरांना ऐकायला खुलं होई. रोजगार हमीची मजुरी थकली, हातपंप बंद आहे, गुरुजी शाळेत येत नाहीत, वनखात्याच्या माणसाने लाच घेतली, अशा बातम्या. सांगणारा शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबर द्यायचा. मग शहरात बसून ऐकणारे लोक त्या अधिकाऱ्याला फोन करायचे. काही वेळा मजुरी मिळाली, काही वेळा लाच परत आली, आणि तेही लोकांनी पुन्हा फोन करून सांगितलं.

२०१२ च्या एका शोधनिबंधात आकडे आहेत: ७०,००० हून जास्त फोन आणि प्रसिद्ध झालेले संदेश १,१००. पहिल्यांदा वाचलं की वाटतं, एवढंच? माझ्या ऑफिसात असा आलेख कुणी दाखवला तर ‘कन्व्हर्जन’ वाढवायला तातडीची मीटिंग लागेल. पण निम्मा मेन्यू ऐकण्यासाठीच होता. गावात बसून कुणीतरी आपल्यासारख्याच आवाजात सांगितलेली बातमी ऐकणं हाही वापरच. पुढे जिथे फोनचं नेटवर्क धड नव्हतं तिथे हेच कार्यक्रम फाइल करून ब्लूटूथने एका मोबाइलमधून दुसऱ्यात जाऊ लागले. लोकांनी त्याला नाव दिलं ‘बुल्टू रेडिओ’.

आमच्या धंद्यात ‘फ्रिक्शन’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. वापरणाऱ्याला जिथे म्हणून थांबावं लागतं ते घर्षण, आणि ते घालवायचं. तीन क्लिकचं काम एका क्लिकवर आणायचं. गावच्या बातमीसाठी हे काम शेवटी कुठल्या वेबसाइटने केलं नाही, व्हॉट्सअ‍ॅपने केलं. टाइप करायची गरज नाही, नाव द्यायची गरज नाही, आणि मधे मॉडरेटरही नाही. दुसऱ्याची बातमी पुढे ढकलायला फोटो-व्हिडिओच्या शेजारी बाणाचं एक छोटं बटण होतं.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे लोक होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होत्या. ‘आपल्या भागात’, ‘कालच’, ‘सावध राहा’ अशा शब्दांत येणारा तो संदेश दिसायला अगदी स्थानिक बातमीसारखाच असतो. फक्त सेंगनामू आणि इंगल यांच्या मधे बसणारा माणूस त्यात नसतो.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि फोटो-व्हिडिओशेजारचं ते बाणाचं बटण काढून टाकलं. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. तसे संदेश त्यानंतर ७० टक्क्यांनी कमी झाले, असं कंपनीने सांगितलं. पहिला संदेश लिहिणाऱ्याला मात्र आजही कुणी फोन करून विचारत नाही की हे तुम्ही स्वतः पाहिलंत का.