शाळेची मिटिंग

मी दहावी झालो तेव्हा रिठद अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा १९९८ सालचा. शाळा जिल्हा परिषदेची, बैठका मोठ्यांच्या. आमच्या बापाला शाळेतून बोलावणं आलं, की पोरानं काही केलं असंच वाटे.

१ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला अन् शाळा व्यवस्थापन समिती आली. त्यात पाऊण हिस्सा पालक, निम्म्या बाया. पण लेकीच्या सासरी मिटिंगचं रजिस्टरच घरी येई. ती चुलीपाशी सही करी. एकदा म्हणाली, "आंधी वाचून त दाखवा, काय लिवलं."

पुढच्या मिटिंगला ती स्वतः गेली. गळक्या वर्गाचा ठराव लिहून घेतला. पत्रे बदलायला दोन पावसाळे गेले. पण रजिस्टर पुन्हा घरी आलं नाही.