कारागिराचा जामीन कोण?

बीड शहराच्या दक्षिणेला शेतमळ्यांत एक मोठी गोल विहीर आहे. लोक तिला खजाना बावडी म्हणतात. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या अमदानीत, 1582 च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली आणि राजा भास्कर नावाच्या स्थपतीने तिची आखणी केली, असे सांगतात. जमिनीखालच्या बोगद्यांनी पाणी विहिरीत येते आणि तसेच खालच्या शेतांकडे जाते. मोट नाही, रहाट नाही. सारा खेळ उताराचा!

आता पाहा, उतार बरोबर धरला की चुकला हे काम पुरे झाल्यावरच कळणार. पैसा देणाऱ्याला तर त्यातले काही कळत नाही. मग त्याने कारागिरावर विश्वास ठेवावा तो कोणाच्या भरवशावर? दोघांच्या मध्ये कोणी तरी जामीन लागतोच.

प्राचीन महाराष्ट्रात हा जामीन म्हणजे श्रेणी, एका धंद्याच्या लोकांचा संघ. नाशिकच्या लेण्यांत तिसऱ्या शतकातल्या आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी काही श्रेणींकडे कायमच्या ठेवी ठेवल्या. त्यांपैकी 2000 कार्षापणे ‘ओदयंत्रिकां’कडे, म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे होती, असा अर्थ अभ्यासक लावतात. बाईंनी एकट्यादुकट्या कारागिराच्या हाती पैसा दिला नाही, बरं का! माणूस आज आहे, उद्या नाही. संघ मागे राहतो.

संघाची शिस्तही कडक असे. शिष्य कसब लवकर शिकला तरी ठरलेली मुदत त्याने गुरूच्या घरीच काढावी, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. सभासदत्व हा मान होता खरा, पण आधी ते बंधन होते.

आपल्या काळात हेच काम नव्या संस्थांनी उचलले. मुंबईत 1917 साली जे. जे. कलाशाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वास्तुविशारदांचा संघ काढला; पुढे 1929 साली त्याचीच ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाली. अभियंत्यांची ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ 1920 सालची. तिला 1935 साली राजसनद मिळाली. कामावरच्या सुरक्षिततेसाठी 4 मार्च 1966 रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद निघाली. नावापुढे चार अक्षरे लागली, की त्या माणसाच्या कामामागे अशी एखादी संस्था उभी आहे, असे आपण समजतो.

पण 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवा. बीडच्या शेजारच्या लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची जड धाबी झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे दगावली. ती घरे गावच्या गवंड्यांनी पिढीजात रीतीने बांधलेली. भूकंपात भिंत कशी उकलते, दगड दगडाला कसा बांधून घ्यावा, हे शास्त्र अभियंत्यांच्या परिषदांतून माहीत होते. ते गवंड्याच्या ओळंब्यापर्यंत पोचलेच नव्हते. कारण गवंडी कोणत्याच संस्थेचा सभासद नव्हता.

पुढे 1996 साली बांधकाम मजुरांसाठी कायदा झाला. वर्षात किमान 90 दिवस बांधकामावर राबलेल्या मजुराला कल्याण मंडळाकडे नोंदणीचा हक्क मिळाला. पण बीडचा मजूर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो आणि परतल्यावर या कंत्राटदाराकडून त्या कंत्राटदाराकडे फिरतो. त्याच्या 90 दिवसांचा दाखला द्यायचा कोणी? म्हणजे पुन्हा तोच जुना प्रश्न, जामीन कोण?

तेव्हा घर बांधायला काढाल, तेव्हा इंजिनिअरच्या नावापुढची अक्षरे जरूर पाहा. ती फुकट मिळत नाहीत. पण पहाडावर उभ्या असलेल्या गवंड्याची नोंद झाली आहे की नाही, हेही विचारा. भिंत शेवटी त्याच्याच हातची असते.