बर्फाचा अडत्या

मे १८३३. ‘टस्कनी’ जहाज बोस्टनहून कलकत्त्याला निघालं, पोटात सुमारे १८० टन बर्फ. वाटेत दोनदा विषुववृत्त! सप्टेंबरात पोचलं तेव्हा शंभरेक टन उरला होता.

व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर राहिला बोस्टनला. इथली उलाढाल पाहायला आला विल्यम रॉजर्स, त्याचा भागीदार आणि अडत्याही. जहाजातल्या वेष्टनाचं कौतुक सगळेच करतात. मला रॉजर्सचं काम जास्त मोलाचं वाटतं. समुद्रावरची घट धरूनच चालायची. पण धक्क्यावर जकातीचे कागद होईपर्यंत माल उन्हात राहिला, तर मालकी कशाची सांगणार, पाण्याची? सरकारने त्याला जकातही माफ केली आणि रात्री माल उतरवायची मुभाही दिली. पुढे बेंटिंकसाहेबाने त्याला चांदीचा पेला दिला, तो रिकामाच असणार म्हणा!