तळटीप : सान हुआन वर्म

* सान हुआन वर्म : ट्राउटसाठी बांधलेला गांडुळाच्या रूपातला ‘फ्लाय’, म्हणजे दोऱ्याने सजवलेला गळ. हे नाव न्यू मेक्सिकोतील सान हुआन नदीवरून आले. नवाहो धरणाखाली (१९६२) तिचे पाणी वर्षभर थंड असते आणि तळच्या गाळात पाणगांडुळे विपुल असतात. हिमोग्लोबिनमुळे ती लालसर दिसतात. म्हणूनच दोरा लाल. बांधणी सोपी आहे : गळाच्या दांड्यावर शनीलचा (लवदार दोऱ्याचा) तुकडा आवळायचा, दोन्ही टोके मोकळी सोडायची. ती ज्योतीजवळ नेऊन किंचित वितळवली की निमुळती होतात, उसवत नाहीत. ज्योतीत मात्र धरू नयेत. खरे कसब पाण्यात लागते. दोरीला शिशाचा बारीक मणी लावून गळ तळालगत, प्रवाहाच्याच वेगाने वाहू द्यावा लागतो. दोरी ताणली गेली की तो आडवा ओढला जातो आणि मासा त्याला नाकारतो. पाणी चढून गढूळ झाले की गाळातली गांडुळे सुटून वाहू लागतात, तेव्हा हा गळ विशेष चालतो. काही जुने गळकरी याला फ्लाय मानतच नाहीत. ते पटत नाही : माशाच्या खऱ्या अन्नाची इतकी प्रामाणिक नक्कल क्वचितच आढळते. (संपा.)